घरावर मुलांचं नाव लावण्याआधी: कागद, कर आणि कामाचा क्रम

“मुलाचं नाव घराला लावून टाकायचंय, किती खर्च येईल?” असं विचारणाऱ्याला मी आधी खर्च सांगत नाही. उलट विचारतो, “नाव कुठल्या कागदावर लावायचंय?” यावर बहुतेक जण गडबडतात, कारण मराठीत ‘नाव लावणं’ हा एकच शब्दप्रयोग आपण चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. त्यातल्या तीन गोष्टींनी मालकी बदलत नाही. चौथीने बदलते, आणि ती सहसा मुलाच्या सहीशिवाय परत फिरत नाही.

हा लेख महाराष्ट्रातल्या स्वकष्टार्जित राहत्या घराबद्दल आहे. मुलं सज्ञान आहेत आणि आईवडील हयात आहेत असं धरलंय. आयकराबद्दल एक खुलासा. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय आणि कलमांचे आकडे बदललेत, म्हणून इथे आकडे न देता फक्त नियम सांगतो.

## टप्पा १: नेमकं काय हवंय ते एका ओळीत लिहून काढा

खरंच कागद घ्या आणि लिहा. “मी गेल्यावर मुलांची धावपळ होऊ नये,” असं वाक्य आलं तर तुम्हाला आज मालकी द्यायची नाहीये. त्यासाठी सोसायटीत नामनिर्देशन (नॉमिनी नेमणं) आणि शिवाय मृत्युपत्र पुरतं. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार लागतात आणि मन बदललं तर उद्या नवं करता येतं. आपल्याकडे वारसा करही नाही, म्हणजे कर वाचवायला आजच देऊन टाकावं असंही काही नाही.

“सोसायटीच्या मीटिंगला मुलगी जाईल, माझ्याच्याने जिने चढवत नाहीत,” असं असेल तर सहयोगी सभासदत्व बघा. सोसायटीत अर्ज आणि १०० रुपये प्रवेश फी. मालकी जागच्या जागी राहते.

“आजच अर्धं घर तिचं व्हावं,” असं असेल तरच बक्षीसपत्र (हयातीतच विनामोबदला मालकी देणारा नोंदणीकृत दस्त), आणि तरच पुढचे टप्पे.

इशारा: शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराची पावती, वीजबिल यांवर नाव असणं म्हणजे मालक असणं नव्हे. मालकी नोंदणीकृत दस्ताने किंवा वारसाहक्काने येते. नामनिर्देशित माणूसही मालक नसतो, वारसांसाठी सांभाळणारा असतो.

## टप्पा २: घर नक्की तुमचं किती, ते तपासा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. फ्लॅट वडिलांच्या नावावर होता. ते गेले, आई नॉमिनी होती, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव चढवलं. दहा वर्षांनी आई तो अख्खा फ्लॅट मुलाला बक्षीस देते. दस्त नोंदवला जातो, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) हातात येते, पेढे वाटले जातात. पण वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याने तो फ्लॅट आई, मुलगा आणि मुलगी असा तिघांचा झालेला असतो. आईला फक्त स्वतःचा एक तृतीयांश देता येतो. हे उजेडात येतं विक्रीच्या वेळी, समोरच्याची बँक टायटल, म्हणजे मालकीचे कागद, तपासते तेव्हा.

अशा घरात आधी इतर वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, मग बक्षीसपत्र. क्रम उलटला तर नंतर बहिणीच्या दारात सही मागायला जावं लागतं, आणि तोवर तिच्या मनात काय असेल ते सांगता येत नाही.

तपासा:
- मूळ खरेदी करारनामा आणि त्याची इंडेक्स टू. त्याआधीचे सगळे दस्त.
- करारनाम्यात दोन नावं आहेत का? आईवडील दोघं मालक असतील तर प्रत्येकाला फक्त आपापला हिस्सा देता येतो.
- गृहकर्ज सुरू आहे का? असेल तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाऊ नका.
- बंगला किंवा प्लॉट असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा ताजा काढा.
- जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलींचा जन्मजात हक्क आहे, हे धरूनच वकिलाकडे जा.

गोव्यात घर असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. तिथे जोडीदाराची सही, पतीपत्नीची सामाईक मालमत्ता आणि वारसांसाठी राखीव असलेला अर्धा भाग, असे वेगळेच नियम आहेत. तिथल्याच वकिलाला गाठा.

## टप्पा ३: ज्याला देताय त्याची कुंडली मांडा

लग्न जुळवताना बघतो तशी. फरक इतकाच की इथे ग्रहांऐवजी कर्जं बघायची.

कर्ज आणि हमी. मुलाचा धंदा असेल, त्याने कुणाला जामीन राहून सही दिली असेल, तर त्याच्या नावावर आलेला अर्धा हिस्सा कर्ज देणाऱ्यांच्या टप्प्यात येतो. हिस्सा जप्त झाला म्हणून तुम्ही लगेच रस्त्यावर येत नाही. कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा विकत घेतलेल्या परक्या माणसाला सरळ घरात घुसता येत नाही, पण वाटपाचा दावा मात्र लावता येतो. सत्तरीत कोर्टाच्या तारखा कुणाला हव्यात?

मुलगा आधी गेला तर. हे कुणी बोलत नाही, म्हणून मी मुद्दाम बोलतो. आपल्याकडे दोन नावांपैकी एक गेलं की दुसऱ्याला आपोआप सगळं मिळतं, असं घराच्या बाबतीत होत नाही. बँकेच्या जॉइंट खात्यावरून लोक तसं समजतात. गेलेल्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. हिंदू मुलगा मृत्युपत्राविना गेला तर पहिले वारस त्याची पत्नी, मुलं आणि आई. वडील या यादीत नाहीत. म्हणजे ज्या वडिलांनी हिस्सा दिला त्यांना त्यातलं काहीच परत येत नाही. मुलीचं आणखी टोकाचं आहे. तिला आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत, ती निपुत्रिक गेली तर, माहेरी परत येते. पण बक्षीस म्हणून दिलेली वारशात मोजत नाहीत. ती आधी नवऱ्याकडे, आणि नवराही नसेल तर नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आईवडिलांचा नंबर त्यानंतर.

म्हणून ज्या दिवशी बक्षीसपत्र, त्याच आठवड्यात मुलाचं किंवा मुलीचं मृत्युपत्र. पंचविशीतल्या मुलाला हे सांगताना जीभ अडखळते, तरी सांगा.

त्याचं स्वतःचं घर. मुलाच्या नावावर आधीच हिस्सा असला की सरकारी घरकुल योजनेत किंवा म्हाडाच्या सोडतीत ‘स्वतःचं घर नाही’ असं प्रतिज्ञापत्र देताना अडचण होते. पुढे त्याने शेअर किंवा प्लॉट विकून घर घेतलं तर त्या नफ्यावरची करसवलतही आधी किती घरं नावावर आहेत यावर ठरते, आणि अर्धा हिस्सा म्हणजे एक घर धरायचं का यावर वाद घातले गेलेत. तुमच्या प्रेमापोटी त्याची सवलत जाऊ नये.

परदेशात असेल तर. अनिवासी मुलाला फ्लॅट बक्षीस देता येतो. शेतजमीन आणि फार्महाऊस देता येत नाही, ते वारशानेच जाऊ शकतं. पुढे फ्लॅट विकताना त्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराला जास्त दराने टीडीएस कापावा लागतो, रक्कम ५० लाखांच्या आत असली तरी. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी घेतला नाही तर पैसे विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकतात.

मुलगा अमेरिकेत करदाता असेल तर आणखी एक गोष्ट, जी इथले सल्लागार सहसा सांगत नाहीत. आपल्या आयकरात बक्षीस असो वा वारसा, पुढे नफा काढताना आईवडिलांचीच खरेदीकिंमत धरतात. अमेरिकेत तसं नाही. तिथे बक्षिसाला तुमची जुनी किंमत, पण वारशाला मृत्यूच्या दिवसाची बाजारकिंमत धरतात. १९९५ साली घेतलेला पुण्यातला फ्लॅट असेल तर हा फरक फार मोठा होतो. शिवाय अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त बक्षीस मिळालं तर त्याला तिथे फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर नसतो, पण न भरल्याचा दंड जबर आहे. अशा मुलाला बहुधा मृत्युपत्रच बरं.

## टप्पा ४: कराचा हिशेब, सही करण्याआधी

पहिला दिलासा: आईवडिलांकडून मुलांना मिळालेल्या बक्षिसावर घेणाऱ्याला आयकर नाही आणि देणाऱ्याला भांडवली नफ्याचा कर नाही. लोक इथेच खूश होऊन थांबतात. कर लागतो तो नंतर, भाड्यावर आणि विक्रीवर.

भाडं. समजा आईला ६ लाख पेन्शन आणि फ्लॅटचं ३ लाख भाडं आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, म्हणजे तिला काहीच भरावं लागत नाही. तिने अर्धा फ्लॅट ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या मुलाला दिला की दीड लाख भाडं त्याच्या उत्पन्नात जातं. ३० टक्के प्रमाणित वजावट जाऊन १,०५,००० उरतात, त्यावर ३० टक्के ३१,५०० आणि सेस धरून ३२,७६०. दरवर्षी. “भाडं आईच घेते हो,” हे आयकर खात्याला चालत नाही. ज्याचा हिस्सा त्याचं उत्पन्न.

विक्री. इथे एक उदाहरण पूर्ण सोडवतो, कारण ही चूक मी विवरणपत्रांत पुन्हा पुन्हा पाहतो. वडिलांचा २००१ च्या आधी घेतलेला फ्लॅट. इतक्या जुन्या घराला खरेदीकिंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, ती ९ लाख धरू. त्यांनी निम्मा मुलीला दिला, बक्षीसपत्रात मुद्रांकासाठी त्या निम्म्याचं मूल्य ५२ लाख लिहिलं गेलं. २०२५-२६ मध्ये फ्लॅट १ कोटी २० लाखांना गेला.

मुलगी काय समजते? माझे ६० लाख आले, मला ५२ लाखांना पडलं, नफा ८ लाख, साडेबारा टक्क्यांनी कर एक लाख.

प्रत्यक्षात काय? दस्तातलं ५२ लाख हा आकडा फक्त मुद्रांकासाठी. तिची खरेदीकिंमत म्हणजे वडिलांच्या किमतीचा निम्मा भाग, ४.५ लाख. नफा ५५.५ लाख. साडेबारा टक्क्यांनी ६,९३,७५०, सेस धरून ७,२१,५००. निवासी व्यक्तीला २३ जुलै २०२४ पूर्वीच्या घरासाठी महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे, तो लावून बघू: ४.५ लाख गुणिले ३.७६ म्हणजे १६.९२ लाख, नफा ४३.०८ लाख, कर सुमारे ८.६२ लाख. म्हणजे इथे साडेबाराच बरा. अनिवासी मुलीला हा दुसरा पर्याय मिळतच नाही.

वडिलांकडेच घर राहिलं असतं तरी नफा निघालाच असता, हे खरं. पण घर विकून घर घेण्याची सवलत, मूळ करमुक्त मर्यादेची शिल्लक, हे सगळं आता दोघांच्या परिस्थितीप्रमाणे वेगवेगळं लागतं. वडिलांना ज्या नव्या घरात रक्कम गुंतवायची होती, त्याच्यात मुलीला रस नसतो, आणि तिच्या वाट्याचा कर तिने भरायचा की वडिलांनी यावरून जेवणाच्या टेबलावर शांतता पसरते.

सुनेचं नाव. “मुलाबरोबर सुनेचंही घाला, बरं दिसतं.” भावना चांगली, पण दोन ठिकाणी आपटतात. सुनेला मोबदल्याशिवाय दिलेल्या हिश्श्याचं उत्पन्न आयकरात देणाऱ्याच्याच, म्हणजे सासूसासऱ्यांच्या, उत्पन्नात मिळवलं जातं. आणि मुद्रांकाची मोठी सवलत मुलगा, मुलगी, नातू, नात, पती, पत्नी आणि दिवंगत मुलाची पत्नी यांनाच आहे. मुलगा हयात असताना सुनेच्या नावे केलेल्या हिश्श्याला पूर्ण दराचं शुल्क.

परतीचं भाडं. राहतं घर किंवा शेती मुलांना देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये. (महापालिका किंवा जिल्हा परिषद हद्दीत एक टक्का अधिभार वेगळा मागितला जातो, तो आकडा आधी काढून घ्या.) दुकानाच्या गाळ्याला ही सवलत नाही. आता उलट विचार करा: काही बिनसलं आणि मुलाने हिस्सा आईला परत दिला. आईवडील त्या २०० च्या यादीत नाहीत. तिथे ३ टक्के. ५० लाखांच्या हिश्श्यावर दीड लाख. जाताना रिक्षाने, येताना विमानाने.

## टप्पा ५: मसुदा

ऑनलाइन मिळणारा नमुना उचलून त्यात नावं भरू नका. या पाच गोष्टी मसुद्यात शब्दशः दिसल्या पाहिजेत:

१. हिस्सा किती: ‘५० टक्के अविभक्त हिस्सा’ असं स्पष्ट. नुसतं ‘नाव समाविष्ट करीत आहे’ नको.

२. देणाऱ्याचा हयातीपर्यंत राहण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क राखलेला. (भाड्याच्या करावर याचा परिणाम काय, ते सल्लागाराकडून याच वेळी लिहून घ्या.)

३. सांभाळाची अट. शब्द असे असू शकतात: “लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा हयातभर सांभाळ, औषधपाणी व मूलभूत गरजा भागवाव्यात या अटीवर सदर हिस्सा बक्षीस दिला आहे, अट न पाळल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील.” ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ चा आधार याच अटीला मिळतो. अट नसताना लाभ मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या एका प्रकरणात ज्येष्ठांच्या बाजूने जास्त उदार अर्थ लावला. अट लिहायला दोन ओळी लागतात, मग त्या वादात कशाला पडायचं?

४. मुलाचा स्वीकार. देणारा हयात असताना घेणाऱ्याने स्वीकारलं नाही तर बक्षीस पूर्ण होत नाही. त्याचीही सही हवी.

५. जुन्या दस्ताचा क्रमांक आणि तारीख, क्षेत्रफळ, चतुःसीमा. एक आकडा चुकला की चूकदुरुस्तीचा दुसरा दस्त.

थांबा: मसुदा तयार झाल्यावर आठ दिवस कपाटात ठेवा. दुसऱ्या मुलाला किंवा मुलीला त्याच आठ दिवसांत सांगा. नंतर कळलं तर दस्तापेक्षा लपवणं जास्त झोंबतं.

## टप्पा ६: नोंदणीचा दिवस

मुद्रांक आणि नोंदणी फी ई-चलनाने भरा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती आधीच भरा, वेळ आरक्षित करा. दोन साक्षीदार, सगळ्यांचे मूळ पॅन आणि आधार. सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकापुढे गेला पाहिजे.

म्हाताऱ्या माणसांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. आयुष्यभर भांडी घासलेल्या एका आजींची दहाही बोटं करून झाली, शेवटी हात पुसून, खोबरेल लावून डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा ठसा मिळाला. तोवर मागे रांग कुरकुरत होती. सकाळची पहिली वेळ घ्या. अंथरुणावर असतील तर अर्ज करून अधिकाऱ्यांना घरी बोलावता येतं; तेव्हा डॉक्टरांचं, त्यांना समजतंय असं प्रमाणपत्रही ठेवा.

तपासा: बाहेर पडण्याआधी इंडेक्स टूमधली नावांची अक्षरं आणि हिस्सा वाचा. ‘संपूर्ण’ आणि ‘अर्धा’ यातला घोळ मी पाहिलाय.

## टप्पा ७: नंतरची कामं, याच क्रमाने

आधी सोसायटी. दस्ताची प्रत, अर्ज, ५०० रुपये हस्तांतर फी, १०० प्रवेश फी. कुटुंबातल्या हस्तांतराला प्रीमियम नाही. कुणी २५,००० मागितले तर सोसायटीचे उपविधी (नियमावली) दाखवा. मग मिळकतकर, मिळकत पत्रिका, वीज.

मुलाच्या विवरणपत्रात हे बक्षीस करमुक्त म्हणून दाखवा. मोठ्या रकमेच्या व्यवहारांची माहिती नोंदणी कार्यालयातून आयकर खात्याकडे जाते, मग “पैसे कुठून आणले” अशी विचारणा येते. तेव्हा बक्षीसपत्राची प्रत पुरते. त्याच फाईलमध्ये वडिलांचा मूळ करारनामा आणि १ एप्रिल २००१ च्या किमतीचा नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आत्ताच ठेवा. वीस वर्षांनी मुलगी तो कुठे शोधणार?

राहिली ती तुमच्याकडे उरलेली अर्धी बाजू. एका मुलाला निम्मं दिलं आणि उरलेल्याचं मृत्युपत्र केलं नाही, तर तुमच्या पश्चात त्या उरलेल्यातही त्याला पुन्हा वाटा मिळतो. जोडीदार तेव्हा हयात नसेल आणि दोनच मुलं असतील तर एकाकडे पाऊण घर आणि दुसऱ्याकडे पाव. असंच हवं असेल तर हरकत नाही. नसेल तर नोंदणी कार्यालयातून घरी आल्यावर जेवून घ्या आणि दुपारीच मृत्युपत्राचा मसुदा काढायला बसा.